तोंडाची दुर्गंधी : प्रकार, कारणे आणि आपले कर्तव्य

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बेळगाव येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी तोंडाच्या दुर्गंधीवर व्याख्यान योजले आहे, हे पत्रिकेत वाचून पुष्कळांच्या ओठांवर हसू आले असेल. पत्रिका छापावयास देण्यापूर्वी कार्यवाहांनीही आम्हांस दोनदा विचारले, "सर, विषय हाच ठेवायचा ना?" आम्ही म्हटले, हाच. ज्या विषयावर घरात कोणी बोलत नाही, शेजारी कोणी बोलत नाही, त्यावर चार आपली माणसे जमली असताना बोलायचे नाही, तर मग बोलायचे कोठे?

बहुतेक दुखणी अशी असतात की, ज्याला होतात त्याला ती आधी कळतात आणि मग तो ती चारचौघांना सांगतो. तोंडाच्या दुर्गंधीचे नेमके उलटे आहे. ज्याला ती असते त्याला पत्ता नसतो. शेजारच्याला असतो, आणि शेजारचा बोलत नाही. तो रुमाल नाकाशी नेतो, खुर्ची जराशी मागे सरकवतो, बोलणे आटोपते घेतो. ज्याच्यापासून तो दूर सरला, त्याला एवढेच उमगते की लोक आपल्याला टाळतात. का टाळतात, हे त्याला कोणी सांगत नाही. या न सांगण्यापायी माणसे एकाकी होतात, आणि कित्येकदा ज्या रोगाची ती खूण असते तो रोग आत वाढत राहतो. आज आम्हांस सांगावयाचे आहे ते थोडक्यात एवढेच : तोंडाचा वास हा कलंक नव्हे, ती खूण आहे. खूण ओळखावी, तिचे मूळ शोधावे, आणि ज्याच्या लक्षात ती येईल त्याने ती आपुलकीने सांगावी.

आम्ही डॉक्टर नव्हे. बी.ए., बी.एड. होऊन माध्यमिक शाळेत मुले शिकवणे हा आमचा व्यवसाय. वैद्यकाचा जो भाग सांगू तो वाचून आणि जाणत्या दंतवैद्यांना विचारून घेतलेला आहे. मात्र शिक्षकाच्या व्यवसायात एक विशेष आहे. दिवसाकाठी शे-दीडशे मुले वही घेऊन आमच्या टेबलापाशी येतात आणि वाकून बोलतात. कोणाच्या घरी दिव्याखाली अभ्यास होतो, कोण सकाळी उपाशी येतो, कोणाचे दात किडले आहेत, हे शिक्षकाला न विचारता कळते.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या बाकावर कोणी बसेना. "सर, माझी जागा बदला," असे एकामागून एक मुले येऊन सांगू लागली, आणि कारण विचारले की खाली बघत. हा मुलगा पूर्वी वाचनासाठी हौसेने उठायचा, तो उठेनासा झाला. उत्तर द्यायचे झाले तर तोंडावर हात धरून देई. एके दिवशी मधल्या सुट्टीत त्याला एकट्याला बोलावून तोंड उघडावयास सांगितले, तेव्हा खालच्या जबड्यातली एक दाढ काळी पडून पोकळ झालेली दिसली. वडिलांना निरोप धाडला. ते आले आणि म्हणाले, "दुधाची दाढ आहे सर, पडेल आपोआप."

पुष्कळ आईबापांची हीच समजूत असते, म्हणून येथे जरा थांबून सांगतो. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या शेवटच्या दाढेमागे जी दाढ येते, ती कायमची दाढ होय. तिच्या जागी आधी कोणताही दात पडलेला नसतो, त्यामुळे ती गाजावाजा न करता येते आणि घरची माणसे तिला दुधाचीच समजतात. ती एकदा गेली की दुसरी येत नाही. दंतवैद्याने त्या मुलाच्या दाढेतली कीड काढून दाढ भरली, आणि वास गेला. दाढ दोन-तीन खेपांत भरली. पण पुन्हा उभे राहून वाचण्याइतके त्या मुलाचे मन सावरायला दिवाळीची सुट्टी उलटावी लागली.

आता मूळ विषयाकडे वळू. स्वतःचा वास स्वतःला का येत नाही? नाकाचा स्वभावच तसा आहे. जो वास सतत येत राहतो त्याची नोंद नाक घेईनासे होते. अत्तराच्या दुकानात बसणाऱ्याला अत्तर जाणवत नाही, तसेच हे. ओंजळीत श्वास सोडून हुंगण्याची जी सर्वांची रीत आहे, तिचा फारसा भरवसा धरता येत नाही. इस्रायलमधील तेल अवीव विद्यापीठातील मेल रोझेनबर्ग या संशोधकाने १९९० नंतरच्या दशकात या प्रश्नाचा बराच अभ्यास केला; माणसाला आपल्या श्वासाची पारख नीटशी करता येत नाही, असेच त्यात दिसले. त्यातल्या त्यात घरी करण्याजोग्या परीक्षा दोन. पहिली, मनगट जिभेने ओले करावे, थोडे वाळू द्यावे आणि मग हुंगावे. दुसरी, लहान चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडून, चमच्यावर जे येईल त्याचा वास घ्यावा. पण सर्वांत खरी परीक्षा तिसरी : घरातल्या विश्वासाच्या माणसाला सरळ विचारावे. या तिसऱ्या परीक्षेला पैसा लागत नाही, धैर्य मात्र लागते.

या विकाराची विभागणी अभ्यासकांनी केलेली आहे. जपानातील दंतवैद्यांनी १९९० नंतरच्या दशकात सुचवलेली पद्धत पुष्कळ ठिकाणी मान्य आहे. आपल्या सोयीसाठी आम्ही तिचे चार भाग करतो : एक, निसर्गतः येणारा तात्पुरता वास, दोन, तोंडातल्या बिघाडाने येणारा वास, तीन, तोंडाबाहेरच्या अवयवांच्या रोगाने येणारा वास, आणि चार, नसलेला वास, म्हणजे जो फक्त त्या माणसाच्या मनात असतो.

पहिला प्रकार सर्वांचा. सकाळी उठल्याबरोबर ज्याच्या तोंडाला वास येत नाही असा माणूस विरळा. दिवसभरात आपल्या तोंडात सुमारे अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. लाळ म्हणजे निसर्गाने ठेवलेला भंगीवाडा नव्हे, तर वाहता झराच म्हणा. ती अन्नाचे कण धुऊन नेते, जंतूंना आवर घालते. झोपेत हा झरा जवळजवळ आटतो. जे तोंड उघडे ठेवून झोपतात, त्यांचे तोंड अधिकच कोरडे पडते. कोरड्या तोंडात जंतू माजतात आणि सकाळी वास येतो. दात घासले, पाणी प्यायले, न्याहारी केली की तो जातो. त्याची चिंता करण्याचे कारण नाही.

उपवासाचा वास याच जातीचा. एकादशी असो, वा रमजानचा रोजा असो, पोटात अन्नपाणी नाही म्हटल्यावर लाळ कमी होते. शिवाय फार वेळ उपाशी राहिल्यास शरीर साठवलेली चरबी जाळू लागते आणि श्वासाला एक निराळाच वास येतो. आमच्या धर्मात रोजेदाराच्या तोंडाच्या वासाला अल्लाच्या दरबारी कस्तुरीहून मोल आहे, अशी शिकवण आहे. ही शिकवण ज्या कोणी प्रथम ऐकली असेल, त्या उपाशी माणसाची शरम क्षणात गेली असेल. दुसरीकडे, कच्चा कांदा-लसूण खाऊन मशिदीत येऊ नये, असाही दंडक आमच्याकडे आहे; कारण शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्रास होतो. जे टाळता येत नाही त्याची लाज बाळगू नये, आणि जे टाळता येते त्याचा दुसऱ्याला उपद्रव देऊ नये, असा या दोहोंचा अर्थ आम्ही लावतो. तो सर्वांच्याच उपयोगाचा आहे.

लसणाची गंमत अशी की, लसणाची चटणी खाऊन कितीही दात घासले तरी वास जात नाही. याचे कारण तो वास काही वेळाने तोंडातून येतच नसतो. लसणातून निर्माण होणारे गंधकाचे एक द्रव्य आतड्यातून रक्तात जाते, रक्तातून फुप्फुसात येते आणि श्वासावाटे बाहेर पडते. ते संपेपर्यंत काही तास, कधी दुसरा दिवसही उजाडतो. जेवणाबरोबर दूध घेतल्यास किंवा पुदिन्याची पाने, कच्चे सफरचंद खाल्ल्यास हा वास कमी होतो, असे प्रयोगांत आढळले आहे.

दुसरा प्रकार हा खरा महत्त्वाचा. कायम राहणाऱ्या दुर्गंधीच्या दहा रुग्णांपैकी आठ-नऊ जणांत तिचे मूळ तोंडातच सापडते. १६८३ मध्ये हॉलंडमधील डेल्फ्ट गावच्या लेवेनहुक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगांतून दातांवरचा पांढरा मळ पाहिला, तेव्हा त्यात त्याला असंख्य चिमुकले जीव वळवळताना दिसले. लंडनच्या रॉयल सोसायटीला त्याने ते पत्राने कळवले. मनुष्याने आपल्या तोंडातली ही वस्ती पाहिली ती तेव्हा. या वस्तीतले काही जंतू असे आहेत की, त्यांना प्राणवायू सोसत नाही. म्हणून ते जिभेच्या मागच्या खडबडीत भागावर, हिरडी आणि दात यांच्या फटीत, किडक्या दाढेच्या पोकळीत दडून राहतात. अन्नाच्या कणांतील, लाळेतील आणि तोंडातल्या झडलेल्या कातडीतील प्रथिने ते कुजवतात. त्यातून गंधकाचे वायू निघतात. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, तर मिथाइल मरकॅप्टनला सडक्या कोबीचा. कॅनडातील टोन्झेटिच या शास्त्रज्ञाने १९७० च्या सुमारास श्वासातले हे वायू यंत्राने वेगळे करून मोजले आणि तोंडाच्या वासाचे मुख्य गुन्हेगार हेच होत, हे दाखवून दिले.

हे कारखाने तोंडात कोठे कोठे असतात ते पाहू. पहिला जिभेवर. दात रोज घासणारी माणसे जीभ विसरतात. तिच्या मागच्या भागावर पांढरा-पिवळा थर साचतो आणि वासाचे ते सर्वांत मोठे आगर होय. दुसरा हिरड्यांत. दात घासताना रक्त येणे ही हिरडी सुजल्याची खूण आहे. 'रक्त येते म्हणून घासत नाही,' असे पुष्कळ लोक म्हणतात. पण न घासल्याने मळ वाढतो, त्याचे किटण होते, हिरडी दातापासून सुटते, तेथे खिसे तयार होतात, पू होतो, आणि शेवटी धडधाकट दात हलू लागतात. मधुमेही माणसात हा रोग अधिक जोराने वाढतो आणि हिरड्या बिघडल्या की मधुमेहही आवरेनासा होतो. तिसरा किडक्या दातांत व दोन दातांमधल्या फटीत. चौथा कवळीत. रात्रीही कवळी तोंडात ठेवून झोपणारे आजी-आजोबा पुष्कळ आहेत. कवळी रात्री काढावी, ब्रशने स्वच्छ करावी आणि पाण्यात ठेवावी. पाचवे कारण कोरडे तोंड. वयामुळे नव्हे, तर वयाबरोबर चालू झालेल्या गोळ्यांमुळे ते बहुधा पडते. सर्दीच्या, नैराश्याच्या, लघवी वाढवणाऱ्या कित्येक औषधांनी लाळ कमी होते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. डॉक्टरांना विचारावे आणि मधून मधून पाण्याचे घोट घ्यावेत.

येथे एका जुन्या समजुतीचा विचार केला पाहिजे. तोंडाला वास आला की आपल्याकडे लगेच पोटावर संशय जातो. एरंडेल होते, चूर्ण होते, जुलाब होतात. दंतवैद्याकडे मात्र कोणी जात नाही. वस्तुतः अन्ननलिका एरवी मिटलेली असते. ढेकर आला किंवा आंबट पाणी वर आले, तर तेवढ्यापुरता पोटाचा वास तोंडात येतो. सदासर्वकाळ येत नाही. पोटाच्या विकाराने दुर्गंधी मुळीच येत नाही असे नाही, पण ते कारण क्वचित. पोट साफ करण्यात वर्ष घालवायचे आणि हिरडीतला पू तसाच ठेवायचा, हा व्यवहार तोट्याचा आहे.

तिसरा प्रकार तोंडाबाहेरच्या रोगांचा. तो थोड्यांना होतो, पण तो ओळखला तर कधी कधी प्राण वाचतो. म्हणून विशेषतः आईबापांनी आणि शिक्षकांनी लक्ष देऊन ऐकावे. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वासाचा शेंबूड येत असेल, तर नाकात काही अडकले आहे का ते पाहावे. हरभऱ्याचा दाणा, मणी, खोडरबराचा तुकडा, असे काहीही मुले नाकात घालतात आणि सांगत नाहीत. घरी चिमट्याने काढू जाऊ नये, वस्तू आणखी आत सरकते, डॉक्टरांकडेच न्यावे. त्यातून बॅटरीचे चपटे बटण नाकात गेल्याचा संशय असेल, तर एक तासही दवडू नये. ते आतून नाक जाळते. जुनाट सायनस, नाकातून घशात उतरणारा कफ, टॉन्सिलच्या खाचांत साचून घट्ट झालेले पांढरे खडे, यांनीही वास येतो. फुप्फुसात गळू झाले किंवा श्वासनळ्या कायमच्या फुगून त्यांत कफ साचला, तर श्वासाला आणि थुंकीला सडका वास येतो.

आता सर्वांत महत्त्वाची खूण. एखाद्या मुलाच्या श्वासाला पिकून उतरलेल्या फळासारखा, किंवा नखांचा रंग काढण्याच्या औषधासारखा गोडसर वास येत असेल, आणि त्याबरोबर मूल सारखे पाणी मागत असेल, वरचेवर लघवीला जात असेल, झपाट्याने वाळत असेल, उलट्या होत असतील, श्वास खोल आणि जलद चालत असेल, तर तो मधुमेहाचा कठीण प्रसंग असू शकतो. शरीरात इन्सुलिन नाही, म्हणून साखर जळत नाही. चरबी जळते, आणि तिच्यातून निघालेले अॅसिटोन श्वासात उतरते. अशा मुलाला त्याच घटकेला रुग्णालयात न्यावे. उद्यावर टाकू नये. १९२१ मध्ये कॅनडातील टोरोंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये ते प्रथम एका चौदा वर्षांच्या मुलाला टोचले. त्यापूर्वी या रोगाने मुले हमखास जात. आता जावयास नकोत. पण इन्सुलिन कपाटात आहे आणि मुलाच्या श्वासाची खूण कोणी वाचली नाही, तर त्या शोधाचा त्या मुलाला काय उपयोग?

मूत्रपिंडे निकामी होऊ लागली की श्वासाला लघवीसारखा, अमोनियाचा वास येतो. यकृत फार बिघडले की गोडसर कुबट वास येतो. अगदी विरळा असा एक जन्मजात दोषही आहे. त्यात शरीरातले एक विकर कमी पडते आणि श्वासाला, घामाला मासळीसारखा वास येतो. अशा माणसाने दिवसातून तीनदा आंघोळ केली तरी वास जात नाही, आणि लोक मात्र त्याला घाणेरडा म्हणतात. तात्पर्य काय, तर वास आला की माणूस अस्वच्छ आहे असे ठरवून मोकळे होऊ नये.

चौथा प्रकार चमत्कारिक आहे. तोंडाला वास नसतो, पण माणसाची खात्री झालेली असते की तो आहे. समोरचा नाक खाजवतो, कोणी खिडकी उघडतो, कोणी खोकतो. हा समजतो, माझ्यामुळेच. काहींची समजूत तपासणी करून, नीट समजावून सांगितल्यावर दूर होते. काहींची कशानेच होत नाही. ते दिवसातून दहा वेळा दात घासतात, माणसांत मिसळत नाहीत, नोकरी सोडतात. हा दाताचा नव्हे, मनाचा आजार आहे आणि त्यावर मनोविकारतज्ज्ञांचे उपचार आहेत. अशा माणसाची थट्टा करणे म्हणजे आजाऱ्याची थट्टा करणे होय.

या भीतीला खतपाणी घालण्याचे काम जाहिरातींनीही केले आहे. अमेरिकेत १८७९ मध्ये लिस्टरीन हे जंतुनाशक निघाले ते शस्त्रक्रियेसाठी. ते तोंडाच्या वासावर म्हणून घरोघरी पोचले १९२० नंतरच्या दशकात, जेव्हा जाहिरातदारांनी 'हॅलिटोसिस' हे जडसे नाव लोकांच्या तोंडी घातले. लग्न जमत नाही, मित्र टाळतात, याला कारण हॅलिटोसिस, असे सांगायचे आणि बाटली पुढे करायची. गुळण्यांची औषधे निरुपयोगी आहेत असे आमचे म्हणणे नाही; डॉक्टरांनी सांगितली तर जरूर घ्यावीत. पण किडकी दाढ तशीच ठेवून वरून सुगंधी गुळण्या करणे म्हणजे गटार न उपसता वर अत्तर शिंपडणे होय.

आपल्या बेळगाव भागात हे अत्तर शिंपडणे अधिक घातक रूपाने चालते. तोंडाला वास येतो म्हणून कोणी लवंग-वेलची चघळतो, तोवर ठीक. परंतु कोणी पान-सुपारी धरतो, कोणी गुटखा, आणि आमच्या कित्येक माता-भगिनी मिश्री लावतात. 'मिश्री लावली की तोंड साफ वाटते, दाढ ठणकत नाही,' असे त्या सांगतात. मिश्री म्हणजे भाजून वाटलेला तंबाखूच. ती हिरडी बधिर करते, म्हणून ठणका कळत नाही. रोग मात्र आत चालूच राहतो. तंबाखूने हिरड्या बिघडतात, दात सुटतात, वास वाढतो, आणि शेवटी तोंडाच्या कर्करोगाचे भय. नुसत्या सुपारीनेही कर्करोग होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. कर्नाटकात गुटख्यावर २०१३ मध्ये बंदी आली. पण मिश्री घरच्या तव्यावर भाजली जाते. तेथे कायदा पोचत नाही, तेथे आपणच पोचले पाहिजे. तोंडात पंधरा दिवसांत न भरणारी जखम, पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले, तर विलंब न लावता दाखवावे.

उपाय सोपे आहेत. सकाळी एकदा आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा, दोन मिनिटे, फ्लोराइडयुक्त पेस्टने दात घासावेत. या दोहोंत रात्रीचे अधिक महत्त्वाचे, आणि आपण नेमके तेच चुकवतो. दर तीन महिन्यांनी ब्रश बदलावा. दोन दातांमधील फट दोऱ्याने किंवा बारीक ब्रशने साफ करावी. जीभ रोज मागून पुढे हलक्या हाताने खरवडावी. ही काही परदेशातून आलेली नवलाई नव्हे. चरकसंहितेत सोने, रूपे, तांबे, पितळ यांच्या जीभ खरवडण्याच्या पट्ट्या सांगितल्या आहेत. कडुनिंबाचे किंवा बाभळीचे दातवण, आमच्याकडचा पीलूच्या झाडाचा मिस्वाक, ही साधने पूर्वजांनी विचारपूर्वकच निवडलेली आहेत. मऊ कुंचा करून, हिरडी न दुखवता वापरली तर आजही उपयोगी आहेत. राखुंडी आणि विटकरीची पूड मात्र सोडावी. तिने दातांचे वरचे कठीण कवच झिजते. रमजानमध्ये सहरी झाल्यावर दात आणि जीभ दोन्ही घासून मग रोजा धरावा. आणि वर्षातून एकदा तरी, दुखत नसताना, दंतवैद्याकडे जावे. आपल्या शहरात केएलई संस्थेचे आणि मराठा मंडळाचे, अशी दोन दंत महाविद्यालये आहेत. शिकाऊ डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली रुग्ण तपासतात. इतके हाताशी असून किडकी दाढ घेऊन हिंडणे आपल्याला शोभत नाही.

शेवटचा आणि कठीण प्रश्न राहिला : सांगायचे कसे? सुनेने सासऱ्यांना कसे सांगावे, धाकट्याने थोरल्याला कसे सांगावे? आमच्या अनुभवातून दोन-चार गोष्टी सांगतो. चारचौघांत कधीच सांगू नये, एकांतात सांगावे. 'तुमच्या तोंडाला घाण येते' असे म्हणू नये. 'अब्बा, हिरड्या दाखवून येऊ या, आम्हीही दाखवणार आहोत' असे म्हणावे. मोठ्या माणसाला त्याच्या नातवाने सांगितलेले पुष्कळदा गोड लागते. मुलाला सांगायचे तर आधी त्याच्या पाठीवर हात ठेवावा आणि 'यात तुझी चूक नाही' हे वाक्य पहिले उच्चारावे. आणि आपल्याला कोणी सांगितले, तर रागावू नये. ज्याने सांगितले त्याने आपल्यासाठी अवघडलेपण पत्करले, एवढे ध्यानात ठेवावे. दूर सरणारे पुष्कळ भेटतात. जवळ येऊन सांगणारा एखादाच.

ट्रस्टच्या विश्वस्तांना एकच विनंती आहे. दरवर्षी आपण गुणवंत मुलांना वह्या आणि शिष्यवृत्त्या देतो. त्याच दिवशी एका दंतवैद्याला बोलावून आलेल्या प्रत्येक मुलाचे तोंड तपासावे, आणि ज्याची दाढ किडली असेल त्याच्या आईबापांच्या हाती एक चिठ्ठी द्यावी. खर्च फार नाही. पण त्या चिठ्ठीने एखादी कायमची दाढ वाचेल, आणि शेवटच्या बाकावर एकटे बसलेले एखादे मूल पुन्हा उभे राहून मोठ्याने वाचील. सुवर्णमहोत्सवी वर्षात यापरते दुसरे सत्कार्य आम्हांस तरी सुचत नाही.